ठिणगीची शिदोरी

सायकलीवरून लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस मोठा काटेकोर हिशेबी असतो. मोटारीत बसणाऱ्याला ओझ्याची फारशी जाणीव होत नाही. परंतु ज्याला स्वतःच्या पोटऱ्यांच्या बळावर घाट चढावयाचा आहे, त्याला प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारावे लागते, 'हिच्यावाचून माझे खरोखरच अडते काय?' दोन सदऱ्यांपैकी एक घरी राहतो, जाड सतरंजीच्या जागी पातळ चादर येते, साबणाच्या वडीचा अर्धा तुकडा होतो. असा पै-पैचा हिशेब करणारा हा प्रवासी एका बाबतीत मात्र बहुधा गाफील राहतो. रानात मुक्काम पडल्यावर विस्तव कशाने पेटवायचा, या प्रश्नाचे उत्तर तो अगदी शेवटच्या घटकेस, दाराला कुलूप लावता लावता देतो. समोर दिसेल ती काडेपेटी उचलतो आणि खिशात टाकतो. ती वस्तू वजनाने इतकी क्षुल्लक असते की, तिच्याविषयी विचार करण्याचेच त्याला ओझे वाटते.

भोरच्या एका जुन्या घरात दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका प्रवासाचा बेत शिजत होता. पुण्याहून आजोळी आलेला, आठवीत शिकणारा भाचा आणि त्याचे मामा असे दोघे सायकलींवरून रायगडाला जाणार होते. नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या काठाने जाणारा रस्ता, पुढे वरंधा घाट, घाट उतरल्यावर महाड आणि तेथून रायगडाच्या पायथ्याचे पाचाड, असा शंभरएक किलोमीटरांचा हा मार्ग. मामा या कामात मुरलेले. काही वर्षांपूर्वी ते मनालीहून लेहपर्यंत सायकलीवरून जाऊन आले होते. भाच्याची मात्र ही पहिलीच खेप. त्यामुळे उत्साह मामांच्या दुप्पट आणि अनुभवाची पाटी कोरी.

ओटीवर चटई अंथरून सामान मांडले जात होते. आजी शेजारीच वाल सोलीत बसली होती. भाच्याने चटईच्या कडेला तीन वस्तू ओळीने ठेवल्या. पहिली काडेपेटी, दुसरा प्लॅस्टिकचा लहानसा लायटर, आणि तिसरी करंगळीएवढी काळसर कांडी, जिला दोरीने पोलादाची एक चपटी पट्टी बांधलेली होती. या तिसऱ्या वस्तूवर त्याचा फार जीव होता. खाऊचे पैसे साठवून त्याने ती मागवली होती. तिला तो 'फेरो रॉड' म्हणे.

"या तिघांत विश्वासाचे कोणते रे?" आजीने विचारले.

"ही कांडी!" भाचा ऐटीत म्हणाला. "काडेपेटी भिजली की संपली. लायटरमधला वायू केव्हातरी संपणारच. ही कांडी पाण्यात बुडवली, तरी पुसून घासली की ठिणग्या पडतात. ठिणगीची उष्णता किती असते ठाऊक आहे, आजी? जवळजवळ तीन हजार अंश सेल्सिअस! आणि हजारो वेळा घासली तरी ही पुरते. मी म्हणतो, बाकीची दोन घरीच ठेवावी. तेवढेच ओझे कमी."

आजीने वालाची टोपली बाजूला सारली. "ठिणगी पडते हे मान्य. पण विस्तव होतो का? अंगणात जा आणि मला चूल पेटवून दाखव."

अंगणात वाळके गवत होते, आंब्याची करकरीत पाने होती, सरपणही होते. भाच्याने गवताची जुडी केली आणि कांडीवर पट्टी घासली. प्रथम काहीच झाले नाही. नव्या कांडीवर काळा लेप असतो आणि तो खरवडून गेल्यावाचून ठिणगी पडत नाही, हे त्याला तेव्हा कळले. मग ठिणग्यांचा पाऊस पडला. तो पाहून तो स्वतःच हरखला. परंतु गवताने त्या पावसाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पंधरा मिनिटे गेली. बोटांची सालटी निघाली, कपाळावर घाम आला आणि गवत होते तसेच राहिले.

आजी पायरीवर येऊन बसली होती. ती हसली नाही. "माझ्या वडिलांजवळ चकमक होती," ती म्हणाली. "त्यांच्या बटव्यात तीन वस्तू असत : गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस. गारगोटी हरवली, तर ओढ्यात दुसरी मिळे. पण कापूस ते जिवापलीकडे जपत. पावसाळ्यात तर तो तेलकटलेल्या कातड्यात गुंडाळून कनवटीला लावीत. तू दोन वस्तू विकत आणल्यास आणि तिसरी विसरलास."

भाच्याने कांडी खाली ठेवली. आजीचे म्हणणे त्याला पटले. पण त्याचे कारण त्याला हवे होते. ते मामांनी सांगितले. ठिणगी तीन हजार अंशांची असली, तरी ती सुईच्या टोकाहून लहान असते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझून जाते. एवढ्याशा उष्णतेने गवताची जाड काडी तापत नाही. तिला झेलावयास कापसाच्या तंतूसारखे विरळ, कोरडे आणि हवेशीर काहीतरी लागते. ठिणगी ही नुसती पाहुणी. तिला बसावयास पाट मांडलेला नसेल, तर ती उंबरठ्यावरूनच परत जाते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मामांनी चटईवरच्या तीन वस्तूंची कुळकथा सांगितली. विस्तवाचा शोध माणसाला फार प्राचीन काळी लागला. तो खिशात घेऊन हिंडण्याची युक्ती मात्र अलीकडची आहे. यज्ञातील अरणी म्हणजे लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढण्याची रीत; तिला बळही हवे आणि धीरही हवा. चकमकीत गारगोटी पोलादाचा अतिसूक्ष्म कण खरवडून काढते आणि तो कण हवेत जळतो. म्हणजे ती ठिणगी दगडाची नसून लोखंडाची असते. १८२७ साली इंग्लंडमधील स्टॉक्टन-ऑन-टीज या गावी जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकावयास आरंभ केला. पुढे काड्यांत पांढरा फॉस्फरस आला. काडी कोठेही घासली तरी पेटू लागली; परंतु कारखान्यांतील कामगारांच्या जबड्यांची हाडे त्या विषाने कुजू लागली. लंडनच्या एका काडेपेटी-कारखान्यातील स्त्रियांनी आणि मुलींनी १८८८ साली केलेला संप प्रसिद्ध आहे. अखेर १९०६ साली बर्न येथील करारान्वये काही राष्ट्रांनी हा फॉस्फरस काड्यांतून हद्दपार करण्याचे ठरवले.

"मग आपल्या काडेपेटीत काय असते?" भाच्याने विचारले.

"काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस," मामा म्हणाले. "स्वीडनमध्ये गुस्ताफ एरिक पाश याने १८४४ साली ही वाटणी करून दाखवली. दोन भावंडांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे, तसे हे. म्हणून ती खिशात आपोआप पेटत नाही. पण याचाच दुसरा अर्थ ध्यानात घे. काड्या कोरड्या राहिल्या आणि पेटीची कड भिजून सुटली, तर त्या काड्या केवळ दात कोरण्याच्या कामाच्या."

कांडीची गोष्ट त्याहून मौजेची निघाली. ऑस्ट्रियातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या शास्त्रज्ञाने १९०३ साली सेरियम आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. हा धातू खरवडला की त्याचे कण हवेत आपोआप पेट घेतात. येथे चकमकीच्या नेमके उलट घडते : चकमकीत दगड पोलादाला खरवडतो आणि येथे पोलाद कांडीला खरवडते. लायटरच्या दातेरी चाकाखाली जो बारीकसा खडा असतो, तोही याच जातीचा. लायटर आणि फेरो रॉड हे सख्खे भाऊ आहेत आणि वायू संपलेला लायटरही ठिणगी टाकीतच राहतो, हे ऐकून भाच्याला मोठे नवल वाटले. काडेपेटीला तो आता पहिल्यासारखा तुच्छ लेखीना. शिवकाशीसारख्या ठिकाणी तयार होणारी आणि १ डिसेंबर २०२१ पासून एक रुपयाऐवजी दोन रुपयांस मिळू लागलेली ती पेटी, किती जणांच्या बुद्धीचे आणि किती जणींच्या यातनांचे फळ आहे, हे त्याला उमगले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिघांची परीक्षा झाली. परीक्षक मामा आणि साक्षीदार आजी. तिन्ही साधने बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटे बुडवण्यात आली. काडेपेटी प्रथम बाद झाली. काड्यांची टोके मऊ पडून बोटाला लागली आणि पेटीची कड लगदा होऊन सुटली. लायटर बाहेर काढला तेव्हा मुका होता; पण झटकून, फुंकून आणि त्याचे चाक कोरड्या फडक्यावर दहावीस वेळा फिरवल्यावर त्याने ज्योत दाखवली. कांडी पुसताक्षणीच ठिणग्या देऊ लागली. भाच्याने विजयी मुद्रेने आजीकडे पाहिले.

"थांब," मामा म्हणाले, "अजून दोन पेपर राहिले आहेत." त्यांनी भाच्याला गार पाण्यात हात बुडवून ठेवावयास सांगितले. बोटे बधिर झाल्यावर लायटरचे बारीक चाक काही केल्या फिरेना. काडी मात्र जेमतेम ओढता आली. कांडी तर मूठ वळून धरता येत होती. नंतर वाऱ्याचा पेपर झाला. काडी वाऱ्यात क्षणात विझली. लायटरची ज्योत आडवी झाली आणि गेली. ठिणगीचे वाऱ्याने काहीच बिघडले नाही, पण कापूस उडून गेला. मग मामांनी लेहच्या वाटेवरचा अनुभव सांगितला. चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरील सरचूच्या मुक्कामात, पहाटेच्या थंडीत त्यांचा लायटर नुसत्या ठिणग्या टाकीत होता. लायटरमधील ब्यूटेन हा वायू शून्य अंशाच्या सुमारास वाफ होईनासा होतो, मग ज्योत कशाची धरणार? लायटर सदऱ्याच्या आत छातीशी धरून ऊब दिली, तेव्हा कोठे तो बोलू लागला. तोपर्यंत चहाचा स्टोव्ह दोन रुपयांच्या काडेपेटीने पेटवला होता.

"म्हणजे पहिला नंबर कोणाचाच नाही?" भाचा हिरमुसून म्हणाला.

"प्रत्येकाचा पहिला नंबर आहे, पण वेगवेगळ्या विषयात," मामा म्हणाले. "कोरड्या दिवशी लायटरसारखे सोपे काही नाही. त्याचे वजन जेमतेम वीस ग्रॅम. काडेपेटी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवली, तर तीही भरवशाची. आणि हे दोन्ही हरले, तर कांडी. तिन्ही मिळून आणि आजीची तिसरी वस्तू धरूनही शंभर ग्रॅम होत नाहीत. एवढे ओझे घाटात जाणवत नाही. ते जवळ नसले, तर मात्र जाणवते."

आजीची तिसरी वस्तू म्हणजे कापूस. आजीने वातींच्या कापसाचे बोळे केले आणि त्यांत पेट्रोलियम जेली चोळली. साधा बोळा पेटवला, तर भुरकन पाच-सहा सेकंदांत जळून गेला. जेली चोळलेला बोळा तीन-चार मिनिटे शांतपणे जळत राहिला. "मात्र पेटवण्याआधी तो पिंजायचा," आजीने बजावले. "घट्ट बोळ्यावर ठिणगी बसत नाही. तंतू मोकळे केलेस, तरच ती धरते." देवघरातल्या कापराच्या चार वड्याही तिने दिल्या, पाण्यावर तरंगतानासुद्धा जळणारा कापूर रानातही तितकाच उपयोगी. मामांनी सायकलीच्या फाटक्या ट्यूबचे बोटभर लांबीचे तुकडे कापून घेतले. रबर ठिणगीने पेटत नाही, पण एकदा जाळ लागला की ओल्या हवेतही जळत राहते. हे सारे फिरकीच्या झाकणाच्या एका डबीत गेले आणि आजीने ते झाकण स्वतःच्या हाताने पिळून लावले.

पुढचे चार दिवस भाचा रोज सकाळी अंगणात एक चूल पेटवी. तिसऱ्या दिवशी त्याला एक गोम कळली. कांडी स्थिर धरून पट्टी जोराने पुढे ढकलली, तर हात कापसावर आपटतो आणि कापूस उधळतो. त्याऐवजी पट्टी कापसाशी स्थिर धरावी आणि कांडीच मागे खेचावी. म्हणजे ठिणग्या नेमक्या कापसावर पडतात. चौथ्या दिवशी तो तिसऱ्या ओढीला जाळ काढू लागला.

त्याच दिवशी मामांनी त्याला आणखी एक धडा दिला. तो पेटवण्याचा नव्हता. "सह्याद्रीत फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत जे वणवे लागतात, त्यांतले कितीतरी माणसाच्या हातून लागतात," ते म्हणाले. "वाळलेल्या गवताला फेकलेली एक काडी पुरते. मग पाखरांची घरटी, ससे, रोपे, सारी टेकडी काळी होते. राखीव जंगलात परवानगीवाचून विस्तव करणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हाच आहे. पण कायदा पाहावयास कोणी नसले, तरी नियम एकच : आधी विझवण्याचे पाणी जवळ घ्यावे, मग पेटवण्याची कांडी काढावी. आणि जेथे शंका असेल, तेथे गार भाकरी खाऊन निजावे."

प्रवासाचा पहिला दिवस सोन्यासारखा उजाडला. जलाशयाचे पाणी निळे होते, रस्त्याच्या कडेची भाते पिवळी पडली होती. दुपारी एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या मोकळ्या खळ्यावर तीन दगड मांडून चहा झाला. ऊन असल्याने भाच्याने कांडीच्या खटपटीत न पडता बाटलीतली काडेपेटी काढली. एका काडीत काम झाले. इतक्यात घाटाच्या बाजूला गडगडले. परतीचा पाऊस येतो आहे, हे ओळखून मामांनी निघण्याची घाई केली. भाच्याने चुलीवर पाणी ओतले, राख हाताने चाचपली, बाटलीवर झाकण ठेवले आणि ती पिशवीत टाकली.

पाऊस घाटमाथ्यावर गाठ पडला. धुके असे दाटले की, दहा पावलांपलीकडचा कठडा दिसेना. भाच्याचा रेनकोट खांद्यापासून फाटला, तेव्हा मामांनी आपला त्याच्या अंगावर घातला आणि स्वतः भिजत निघाले. उतारावर पाय चालवावे लागत नाहीत. अंगात ऊब राहत नाही आणि वारा मात्र ओल्या कपड्यांतून आरपार जातो. एका वळणावर चिखलात मामांची सायकल घसरली. ते उठले, हसलेही. परंतु उजवे मनगट सुजू लागले होते. पुढचा उतार दोघे सायकली हातात धरून चालले. घाटाच्या पायथ्याशी, वाडीच्या बरेच अलीकडे ग्रामदेवतेचे एक देऊळ लागले, तोवर अंधार पडला होता.

सभामंडपात टेकल्यावर मामांना हुडहुडी भरली. थोड्या वेळाने ते बोलू लागले, ते शब्द जड आणि तुटक येऊ लागले. एकच गोष्ट त्यांनी दोनदा विचारली. भाचा घाबरला. मोबाइलला रेंज नव्हती. वाडीतले दिवे लांब दिसत होते. पण मामांना या अवस्थेत एकटे सोडून जावे की काय, हे त्याला ठरवता येईना. प्रथम त्याने त्यांचे ओले कपडे उतरवले, प्लॅस्टिकच्या पिशवीतला कोरडा सदरा आणि लोकरी बंडी घातली, चादर गुंडाळली आणि बसावयास खाली गोणपाट घातले. आता काहीतरी गरम पोटात जाणे जरूर होते. देवळाच्या बाहेरच्या पडवीत भंडाऱ्याची दगडी चूल होती. शेजारी गोवऱ्या आणि काटक्या कोरड्या रचलेल्या होत्या.

लायटर मामांच्या खिशात होता. पडताना तो चिखलात रुतला होता. चाकाच्या दातांत माती गच्च बसली होती आणि भाच्याची बधिर बोटे त्यावरून नुसती घसरत होती. त्याने बाटली काढली. बाटलीत पाणी होते. झाकण वर ठेवलेले होते, फिरवलेले नव्हते. काडेपेटीचा लगदा त्याच्या तळहातावर आला. दुपारची ती घाई त्याला लख्ख आठवली आणि त्याच्या पोटात खड्डा पडला. चूक कोणाची, हे विचारावयास तेथे दुसरे कोणी नव्हते.

कांडी गळ्यात होती. डबीचे झाकण आजीने पिळून लावले होते. ते उघडता उघडेना, तेव्हा त्याने ते दातांत धरून फिरवले. आतला कापूस कोरडा होता. त्याने वाऱ्याकडे पाठ केली, बोळा पिंजला आणि पट्टी ओढली. हात थरथरत होते. घाईत त्याने पट्टीच पुढे ढकलली, कापूस उडाला. दुसऱ्यांदाही तेच झाले. तेव्हा तो क्षणभर थांबला, एक दीर्घ श्वास घेतला आणि अंगणातली चूल आठवली. पट्टी कापसाशी स्थिर धरून त्याने कांडी मागे खेचली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या ओढीला एक ठिणगी तंतूंत अडकली, तांबडी झाली आणि तिचा निळसर पिवळा जाळ झाला.

त्या जाळावर त्याने ट्यूबचा तुकडा धरला. घाण वासाचा काळा धूर निघाला, पण जाळ वाढला. मग बोटाएवढ्या काटक्या, मग गोवरीचे तुकडे. चुलीत विस्तव धडधडू लागला. लोटीत पाणी उकळले, त्यात गूळ विरघळला. भाच्याने मामांना ते घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने त्यांची थरथर कमी झाली. तासाभराने ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गूळ जरा जास्त झाला हं!" हे ऐकून इतका वेळ धीराने वावरलेला तो मुलगा तोंड फिरवून रडला.

जाळ पाहून वाडीतला एक म्हातारा कंदील आणि घोंगडी घेऊन आला. त्याने मामांच्या अंगावर घोंगडी घातली, मनगट पाहिले आणि भाच्याला विचारले, "पोरा, एवढ्या पावसात पेटवलंस कशानं?" भाच्याने कांडी दाखवली. म्हाताऱ्याने ती उलटसुलट केली आणि डबीतल्या उरलेल्या कापसाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ह्यो जपलास म्हनून."

सकाळी पाऊस उघडला. भाच्याने चुलीवर पाणी ओतले, राख हाताने चाचपली आणि जागा झाडली. म्हाताऱ्याला विचारून जळलेल्या गोवऱ्यांची किंमत देवापुढच्या पेटीत टाकली. रायगड त्या वेळी राहिलाच. महाडला डॉक्टरांनी मनगट बांधले आणि एका टेम्पोतून सायकलींसह दोघे भोरला परतले.

घरी आल्यावर आजीने सारे ऐकून घेतले. मामांच्या हाताला शेक दिला, भाच्याला जवळ बसवले आणि मग तोच प्रश्न विचारला, "तर मग, तिघांत विश्वासाचे कोणते ठरले?"

आठवड्यापूर्वी ज्याने क्षणात उत्तर दिले होते, तो मुलगा आता बराच वेळ गप्प राहिला. कांडीने लाज राखली, हे खरे होते. पण काडेपेटीने तरी काय गुन्हा केला होता? तिला कोरडे ठेवण्याचे वचन त्यानेच मोडले होते. आणि अंगणातले ते चार दिवस नसते, तर कांडीच्या ठिणग्या त्या रात्रीही नुसता पाऊस पाडून गेल्या असत्या.

"तिन्ही साधने चांगली आहेत, आजी," तो अखेर म्हणाला. "त्यांच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. त्यांनी माझ्यावर ठेवावा, इतका मी अजून झालेलो नाही."

आजी काही बोलली नाही. तिने देवघरातून कापूस आणून त्याच्यापुढे ठेवला. भाचा बोळे करू लागला. ते झाल्यावर त्याने नवी काडेपेटी कोरड्या बाटलीत घातली आणि झाकण फिरवून घट्ट लावले. मग ते उघडले आणि पुन्हा एकदा लावले.